वाचनाचे श्रेय आणि श्रेयासाठी वाचन

आपण ज्या डॉक्टरपुढे नाडी दाखवायला बसतो, त्याने शेवटचे वैद्यकीय पुस्तक केव्हा उघडले होते, हे त्याला विचारण्याचे धारिष्ट सहसा कोणी करीत नाही. दवाखान्याच्या भिंतीवर पदवीची चौकट असते आणि तिच्यावर पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे साल असते. ते साल पाहून रुग्णाला शंका येत नाही, उलट धीर येतो. इतकी वर्षे ज्याने रोगी पाहिले त्याला सारे ठाऊक असणारच, असा आपला हिशेब असतो. हा हिशेब सर्वस्वी बरोबर नाही. २००५ मध्ये ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या अमेरिकी नियतकालिकात ६२ निरनिराळ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. व्यवसायात घालवलेली वर्षे आणि उपचारांचा दर्जा यांचे नाते त्यात तपासले होते. निम्म्याहून अधिक अभ्यासांत असे आढळले की, वर्षे वाढत गेली तसतशी डॉक्टरची कामगिरी प्रचलित ज्ञानाच्या कसोटीवर उणी पडत गेली. अनुभवाला येथे कमी लेखण्याचे कारण नाही. रोग्याचा चेहरा वाचणे, घाबरलेल्या नातेवाइकांशी बोलणे, केव्हा थांबावे आणि केव्हा मोठ्या रुग्णालयाकडे धाडावे हे ओळखणे, या गोष्टी वयानेच येतात. पण औषधाची मात्रा आणि निदानाचे निकष मधल्या काळात बदलले असतील तर ते अनुभवातून कळण्याची सोय नाही.

बदल किती हळू पोहोचतो याचे एक उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात नेहमी दिले जाते. मुदतीपूर्वी प्रसूती होण्याची चिन्हे दिसू लागलेल्या स्त्रीला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले, तर गर्भाची फुप्फुसे लवकर तयार होतात आणि पुष्कळ बालके वाचतात, हे न्यूझीलंडमधील लिगिन्स आणि हाउई या दोघा डॉक्टरांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे अनेक चाचण्यांनी त्यास दुजोरा दिला. असे असूनही हा उपचार सर्रास वापरला जावा, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या तज्ज्ञ परिषदेने सांगायला १९९४ साल उजाडले. मध्ये बावीस वर्षे गेली. ज्ञान छापलेले होते, ग्रंथालयांत होते, पण प्रसूतिगृहांत पुरेसे पोहोचले नव्हते.

पदवीनंतरच्या शिक्षणाची सक्ती करावी, हा विचार या अनुभवातून बळावला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६८ मध्ये ‘फिजिशियन्स रेकग्निशन अवॉर्ड’ नावाची योजना सुरू केली आणि निरंतर शिक्षणात घालवलेल्या वेळेची मोजणी सुरू झाली. परवान्याच्या नूतनीकरणासाठी असे शिक्षण आवश्यक करणारे पहिले राज्य न्यू मेक्सिको. त्याने हे १९७१ मध्ये केले. आज अमेरिकेत राज्याराज्यांचे नियम भिन्न आहेत. कॅलिफोर्नियात दोन वर्षांत पन्नास तास भरावे लागतात. भारतात मेडिकल कौन्सिलने २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेत पाच वर्षांत किमान ३० तासांची अपेक्षा घातली. महाराष्ट्र वैद्यक परिषदही दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना ३० श्रेयांकांचा हिशेब मागते. श्रेयांक म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातले ‘क्रेडिट पॉइंट’.

शिक्षकांना आणि कारकुनांना या व्यवस्थेचा परिचय करून देण्याची गरज नाही. वरिष्ठ वेतनश्रेणीचे किंवा निवडश्रेणीचे प्रशिक्षण ज्यांनी पार पाडले आहे, संगणकाच्या प्रमाणपत्रावाचून ज्यांची फाइल अडून राहिली आहे, त्यांना मोजणी कशाची होते हे पक्के ठाऊक आहे. हजेरीपत्रकावर सही झाली की प्रशिक्षण झाले. मागच्या रांगेत बसून कोणी उत्तरपत्रिका तपासल्या, कोणी डोळा लावला, याची नोंद कोठेच राहत नाही. डॉक्टरांच्या बाबतीत फरक इतकाच की, सभागृह वातानुकूलित असते आणि जेवण बरे असते. व्याख्यान, चहा, दुसरे व्याख्यान, भोजन, आणि दाराशी प्रमाणपत्र. काही डॉक्टर त्यातून खरोखर शिकतात, यात संशय नाही. चांगला वक्ता आणि जिवंत चर्चा यांचे मोल कोणी नाकारू नये. परंतु केवळ व्याख्याने ऐकल्याने डॉक्टरच्या प्रत्यक्ष वागण्यात बदल होतो का, हे १९९९ मध्ये डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जामा’ या नियतकालिकात तपासले, तेव्हा उत्तर जवळजवळ नकारार्थी आले. जेथे श्रोत्यांना प्रश्न सोडवायला लावले, सराव करायला लावला, तेथे काही परिणाम दिसला. नुसत्या भाषणांनी तो दिसला नाही.

प्रश्न कोठे उद्भवतो?

याचे कारण समजून घ्यायचे तर डॉक्टरला प्रश्न कधी पडतो हे पाहिले पाहिजे. १९८५ मध्ये लॉस एंजेलिस येथील ४७ डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तुम्हाला माहितीची गरज किती वेळा भासते, असे त्यांना आधी विचारले, तेव्हा साधारण आठवड्यातून एकदा, असे उत्तर मिळाले. अशा वेळी आपण पुस्तके आणि नियतकालिके पाहतो, असेही त्यांनी सांगितले. मग संशोधकांनी त्यांच्या दवाखान्यांत जाऊन प्रत्यक्ष नोंद केली. दर तीन रोग्यांमागे दोन प्रश्न निघाले. रोगी समोर असताना त्यांतील सुमारे ३० टक्के प्रश्नांची उत्तरे मिळाली आणि ती बहुधा दुसऱ्या डॉक्टरला विचारून मिळाली. चौदा वर्षांनी, १९९९ मध्ये, आयोवा राज्यातील १०३ कुटुंबवैद्यांची अशीच पाहणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. एकूण १,१०१ प्रश्न नोंदले गेले. त्यांतील ६४ टक्के प्रश्नांचा डॉक्टरांनी तेव्हा पाठपुरावाच केला नाही. ज्यांचा केला, त्यांतील बहुसंख्य प्रश्नांची उत्तरे मिळाली आणि एका उत्तरासाठी सरासरीने दोन मिनिटांहूनही कमी वेळ खर्ची पडला.

या दोन पाहण्या एकत्र वाचल्या म्हणजे सक्तीच्या शिक्षणाची अडचण ध्यानात येते. प्रश्न सोमवारी सकाळी अकरा वाजता पडतो आणि व्याख्यान पुढच्या महिन्यातील रविवारी असते. तोवर रोगी घरी गेलेला असतो आणि प्रश्न विसरलेला असतो.

एक उदाहरण घेऊ. मधुमेहाने आजारी असलेला, मूत्रपिंडे थोडी अधू झालेला एखादा सेवानिवृत्त शिक्षक तालुक्याच्या दवाखान्यात येतो. त्याला मेटफॉर्मिन हे स्वस्त आणि चांगले औषध द्यावे की नाही? १९९५ च्या सुमारास पदवी घेतलेल्या डॉक्टरने पाठ केलेला निकष रक्तातील क्रिएटिनिनच्या आकड्यावर बेतलेला होता. २०१६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तो बदलला. वय आणि लिंग लक्षात घेऊन मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता काढावी, ती ३० च्या खाली असेल तर हे औषध देऊ नये, ३० ते ४५ च्या दरम्यान असेल तर ते नव्याने सुरू करू नये, असा नवा दंडक आला. जुन्या नियमाने चालणारा डॉक्टर काही रोग्यांना कारण नसताना या औषधापासून वंचित ठेवील आणि काहींना नको तेव्हा ते देईल. विशेषतः हडकुळ्या वृद्ध स्त्रियांच्या बाबतीत क्रिएटिनिनचा आकडा फसवा असतो. हे सारे शोधून काढायला जाणत्या माणसाला खरोखरच दोन मिनिटे पुरतात, पण संदर्भ हाताशी हवा आणि तो विश्वासाचा हवा.

असा संदर्भ हाताशी ठेवण्याचा उद्योग बोस्टन येथील मूत्रपिंडविकारतज्ज्ञ बर्टन रोझ यांनी १९९२ मध्ये आरंभिला. त्यांच्या ‘अपटुडेट’ या संदर्भसंग्रहाचा पहिला अवतार संगणकाच्या फ्लॉपीवर होता आणि त्यात प्रथम त्यांच्याच विषयाचा मजकूर होता. पुढे इतर विषय आले आणि संग्रह इंटरनेटवर गेला. २००८ मध्ये वोल्टर्स क्लुवर या डच प्रकाशनसंस्थेने तो विकत घेतला. रोझ यांचे २०२० मध्ये कोविडच्या साथीत निधन झाले. त्यांनी ज्या तऱ्हेचे लेखन रूढ केले ते पाठ्यपुस्तकापेक्षा वेगळे आहे. तज्ज्ञांनी एकेका विषयावर लिहायचे, नवे संशोधन आले की मजकूर सुधारायचा, आणि शेवटी काय करावे हे स्पष्ट शब्दांत सांगायचे. अमेरिकेतील तीन हजारांहून अधिक रुग्णालयांची तुलना करणारा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. हा संग्रह घेणाऱ्या रुग्णालयांत मृत्यूंचे प्रमाण किंचित कमी आणि रोग्यांचा मुक्काम किंचित छोटा होता. अशा आकड्यांवरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. जे रुग्णालय ग्रंथालयावर पैसा खर्च करते ते इतरही गोष्टी नीट करीत असण्याचा संभव अधिक.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची घटना २००५ मधली आहे. त्या वर्षी अमेरिकन मेडिकल असोसिएशनने असे मान्य केले की, रोग्याच्या निमित्ताने डॉक्टरने इंटरनेटवरील मान्यताप्राप्त संदर्भात उत्तर शोधले, तर तेही निरंतर शिक्षणच होय. अशा प्रत्येक शोधाला अर्धा श्रेयांक. अट अशी की, आपला मूळ प्रश्न काय होता, चाळलेल्या संदर्भांपैकी कोणता उपयोगी पडला, आणि सापडलेल्या उत्तराचा आपल्या कामात कसा उपयोग केला, या तिन्ही गोष्टी डॉक्टरने नोंदवाव्यात. इतर ठिकाणी श्रेयांक तासांवर मोजतात. येथे घड्याळ बाजूला ठेवले गेले. पाच मिनिटे लागोत की पन्नास, अर्धाच श्रेयांक मिळणार. मोजणीचे एकक तास न राहता प्रश्न झाले. एखाद्या प्रचंड नोकरशाहीने केलेला हा बदल मला तरी मोठा वाटतो आणि त्याची चर्चा झाली त्याहून अधिक व्हायला हवी होती.

नोंदीचे काय होते?

अर्थात, कागदावरची अट आणि प्रत्यक्षातली वागणूक यांत अंतर पडतेच. संगणक डॉक्टरचा प्रत्येक शोध आपोआप टिपून ठेवतो आणि वर्षाअखेरीस शिल्लक दाखवतो. बँकेच्या पासबुकासारखेच हे. नूतनीकरणाची तारीख जवळ आली की, चाळीस-पन्नास शोधांपुढे एका बैठकीत खुणा करून श्रेयांक पदरात पाडून घेण्याचा मोह होणे अगदी मानवी आहे. मग तिसरी नोंद, उपयोग काय केला ही, ठरावीक वाक्यांनी भरली जाईल. उपचारात बदल केला, ज्ञानात भर पडली, पूर्वीच्या माहितीला पुष्टी मिळाली. शाळेतल्या प्रशिक्षणाच्या शेवटी भरून घेतले जाणारे अभिप्रायाचे तक्ते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही वाक्ये तोंडपाठ असतील. असे झाले तर सभागृहातील खुर्चीची जागा पडद्याने घेतली, एवढाच त्याचा अर्थ होईल.

म्हणून काही जण म्हणतात की, डॉक्टरने वाचणे हे त्याचे कर्तव्यच आहे, त्याला गुण कसले द्यायचे? आक्षेपात तथ्य आहे. पुजाऱ्याने पूजा केली म्हणून त्याला बक्षीस देत नाहीत. परंतु हा आक्षेप व्याख्यानालाही लागू पडतो आणि व्याख्यानाला तर आपण गुण देतोच आहोत. जे गुणांत मोजले जाते त्यासाठी वेळ काढला जातो, हा नियम डॉक्टरलाही सुटलेला नाही. ज्या व्यवस्थेत रविवारचे भोजनसहित भाषण मोजले जाते आणि सोमवारचे वाचन मोजले जात नाही, ती व्यवस्था डॉक्टरला काय शिकवते?

तिसऱ्या नोंदीवर माझा जो भर आहे त्याला एक कारण आहे आणि ते आपल्या नागपूरपर्यंत येऊन पोहोचते. वर ज्या स्टेरॉइड इंजेक्शनचा उल्लेख केला, त्याचा लाभ गरीब देशांतील खेड्यापाड्यांतल्या स्त्रियांनाही मिळावा, म्हणून सहा देशांत एक मोठी चाचणी झाली. तिच्या केंद्रांत भारतातील बेळगाव आणि नागपूर ही दोन होती. निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये २०१४ च्या अखेरीस आले आणि त्यांनी सर्वांना चकित केले. ज्या विभागांत या उपचाराचा प्रसार केला, तेथे एकंदर नवजात मृत्यू घटले नाहीत, उलट वाढले. हजार जिवंत जन्मांमागे २३.९ च्या ऐवजी २७.४. बोस्टनमधले किंवा ऑकलंडमधले ज्ञान खोटे होते असे नाही. जेथे गर्भाचे वय नेमके ठाऊक नाही, जेथे इंजेक्शन मिळालेल्या अनेक स्त्रियांची प्रसूती पुढे पूर्ण दिवसांनी झाली, जेथे जन्मानंतर बालकाची नीट देखभाल होण्याची शाश्वती नाही, तेथे तोच उपचार निराळे फळ देऊ शकतो. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत नवी चाचणी घेतली. तेथे गर्भाचे वय सोनोग्राफीने ठरवले होते आणि बालकांची शुश्रूषा करण्याची सोय होती. २०२० मध्ये तिचे निष्कर्ष आले आणि त्यांत मृत्यू घटल्याचे स्पष्ट दिसले.

संदर्भग्रंथातील वाक्य आणि आपल्या समोरची स्त्री यांच्यामधले अंतर डॉक्टरनेच ओलांडायचे असते. तुझ्या कामात या उत्तराचा उपयोग कसा केलास, हा प्रश्न त्याला त्या अंतराची आठवण करून देतो. माझ्या केंद्रात सोनोग्राफी नाही, म्हणून मी इंजेक्शन दिले नाही आणि रुग्णेला जिल्हा रुग्णालयात पाठवले, अशी एका ओळीची प्रामाणिक नोंद कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मोलाची आहे. आता तर प्रश्न टाकताच यंत्र स्वतःच उत्तराचा परिच्छेद रचून देऊ लागले आहे. संदर्भ चाळण्याचेही श्रम उरले नाहीत. अशा काळात वाचनाची नोंद आणि विचाराची नोंद यांतला भेद अधिकच जपावा लागेल.

पैसा कोणाचा?

सभा-संमेलनांच्या बाजूने एक गोष्ट मात्र बोलली जात नाही. ती पैशाची. सभागृहाचे भाडे, वक्त्याचा प्रवास, जेवणावळ यांचा खर्च पुष्कळदा औषध कंपन्या उचलतात. मेडिकल कौन्सिलने डिसेंबर २००९ मध्ये आचारसंहितेत दुरुस्ती करून कंपन्यांकडून भेटी, प्रवास आणि पाहुणचार घेण्यास डॉक्टरांना मनाई केली. तरी २२ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका औषध कंपनीच्या प्राप्तिकराच्या प्रकरणात निकाल दिला, तेव्हा सोन्याची नाणी, फ्रीज, दूरचित्रवाणी संच आणि परदेशातील सहली व परिषदा यांचा उल्लेख त्यात करावा लागला. डॉक्टरने घेणे जे बेकायदा आहे, ते देण्याचा खर्च कंपनीला करातून वजा करता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले आणि या खर्चाचा बोजा अखेर औषधाच्या किमतीतून रोग्यावरच पडतो, हेही दाखवून दिले. २ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवी आचारसंहिता अधिसूचित केली. कंपन्यांच्या प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष पैशाने होणाऱ्या परिसंवादांपासून डॉक्टरांनी दूर राहावे, असे तिच्यात होते. महिना उलटण्यापूर्वीच ती स्थगित झाली आणि २००२ ची संहिता पुन्हा लागू झाली. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या औषधनिर्माण विभागाने कंपन्यांसाठी संहिता काढली. तिने परदेशातील कार्यक्रमांना बंदी घातली, पण देशातील शैक्षणिक कार्यक्रमांना कंपन्यांचे साहाय्य अटींसह चालू ठेवले.

संदर्भवाचन या दूषणापासून संपूर्ण मुक्त आहे, असा दावा कोणी करू नये. जाहिरातींवर चालणारी वैद्यकीय संकेतस्थळे आहेत आणि त्यांचे श्रेयांक फुकट मिळतात. वर्गणीवर चालणाऱ्या संग्रहांतही काही लेखकांचे कंपन्यांशी आर्थिक संबंध असतात. मात्र चांगल्या संग्रहात ते संबंध लेखकाच्या नावानिशी जाहीर केलेले असतात आणि वाचकाला ते पाहून मजकुराचा कस लावता येतो. रविवारच्या भोजनाच्या ताटावर अशी टीप नसते.

आपल्या २००२ च्या संहितेतील शब्द पाहण्यासारखे आहेत. नामवंत संस्थांनी भरवलेल्या व्यावसायिक सभांत डॉक्टरने भाग घ्यावा, असे तीत म्हटले आहे. ज्या काळी ती लिहिली, त्या काळी इंटरनेट तालुक्याला पोहोचले नव्हते, हे खरे. पण त्या शब्दांचा फटका कोणाला बसतो? मुंबई-पुण्याच्या डॉक्टरला सभागृह जवळ असते. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या डॉक्टरला दोन श्रेयांकांसाठी दवाखाना बंद ठेवून दिवसभराचा प्रवास करावा लागतो आणि त्या दिवशीच्या रोग्यांनी काय करायचे, हे त्या संहितेत लिहिलेले नाही. आपले श्रेयांक मुख्यत्वे हजेरीतून मिळत राहिले, तर जो डॉक्टर आपल्या रोग्यांपासून हलू शकत नाही तोच हिशेबात मागे पडतो.

आणि खेड्यातल्या डॉक्टरला प्रश्न पडत नाहीत, असेही नाही. रायगड जिल्ह्यात महाडच्या परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांना विंचूदंशाने दगावणारी माणसे पाहून जो प्रश्न पडला, त्याचे उत्तर त्या वेळी कोणत्याच संदर्भग्रंथात तयार नव्हते. कोकणातील लाल विंचवाच्या विषाने हृदय आणि फुप्फुसे कशी निकामी होतात, हे त्यांनी रोग्याच्या उशाशी बसून टिपले. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून पाहिले आणि १९८० च्या दशकात आपली निरीक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. प्रत्येक डॉक्टर बावस्कर होणार नाही. पण प्रश्न लिहून ठेवण्याची, उत्तर शोधण्याची आणि परिणाम नोंदवण्याची जी रीत त्यांनी अनुसरली, तिचेच लहान रूप अमेरिकेतील त्या अर्ध्या श्रेयांकाच्या अटीत आहे.

तेव्हा महाराष्ट्र वैद्यक परिषदेने आणि राष्ट्रीय आयोगाने अशा वाचनाला श्रेयांकांच्या हिशेबात स्पष्ट जागा द्यावी, असे वाटते. सर्व ३० श्रेयांक त्यातून मिळावेत, असा आग्रह नाही. शस्त्रक्रियेचे कौशल्य वाचून येत नाही आणि समव्यवसायी माणसांत बसून वाद घालण्याचीही गरज असते. तृतीयांश भाग वाचनासाठी ठेवला तरी सुरुवात होईल. नोंदी कोऱ्या खुणांच्या नसाव्यात. प्रश्न, संदर्भ आणि उपयोग तीन-चार ओळींत डॉक्टरने आपल्या भाषेत लिहावा. मराठीत लिहिला तरी परिषदेला वाचता येईलच. सर्व नोंदी तपासणे अशक्य आहे, पण शंभरातील दोन-तीन कोणत्याही क्रमाने उचलून जाणत्या डॉक्टरांनी वाचल्या तर उरलेल्या सत्त्याण्णवांवर त्याचा परिणाम होतो. या नोंदींत रोग्याचे नाव नसावे आणि त्या डॉक्टरविरुद्ध खटल्यात पुरावा म्हणून वापरल्या जाणार नाहीत, अशी हमी असावी. नाही तर कोणी आपले अज्ञान कागदावर मान्य करणार नाही आणि प्रश्नांऐवजी आधीच ठाऊक असलेली उत्तरेच नोंदली जातील.

मोठी अडचण राहते ती खर्चाची. उत्तम संदर्भसंग्रहाची वर्षाची वर्गणी लहान गावातील डॉक्टरच्या खिशाला सोसणारी नाही. सरकारला या बाबतीत काहीच करता येत नाही, असे म्हणण्यास जागा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००७ मध्ये राष्ट्रीय परवाना घेऊन कॉक्रेन ग्रंथालय देशातील कोणालाही वाचता येईल असे खुले केले होते. औषधोपचारांच्या चाचण्यांचे साक्षेपी आढावे त्यात असतात आणि शाळेतल्या विद्यार्थ्यालाही ते पाहता येत होते. अलीकडे केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजनेला मान्यता दिली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके आणि त्यांसाठी तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपये. १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. परंतु तिचा लाभ सरकारी उच्चशिक्षण संस्था आणि संशोधन संस्था यांना आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापकाला ती नियतकालिके उघडतात. त्याच महाविद्यालयातून बाहेर पडून तालुक्याला दवाखाना थाटलेल्या त्याच्या विद्यार्थ्याला ती उघडत नाहीत. योजनेची मंजूर मुदत २०२७ च्या अखेरीस संपते. नोंदणी क्रमांकाच्या आधारे प्रत्येक डॉक्टरला एखादा विश्वसनीय संदर्भसंग्रह खुला करण्याची तरतूद पुढच्या टप्प्यात करायची असेल, तर राज्यांच्या वैद्यक परिषदांनी तशी मागणी करार नव्याने होण्यापूर्वीच दिल्लीकडे नोंदवायला हवी.